एक कोटी एक्क्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट

घरी इंटरनेट घेतलं तेव्हा राउटर बसवायला आलेल्या मुलाने विचारलं, "पासवर्ड काय ठेवू? निदान आठ अक्षरं लागतात." मी अजून विचारच करत होतो, तेवढ्यात सोप्यावरून बाबांचा आवाज आला, "एकोणीस, बारा, एकोणीसशे एकसष्ट." १९ डिसेंबर १९६१. गोव्यातल्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. ४५१ वर्षांची पोर्तुगीज राजवट त्या दिवशी संपली. बाबा तेव्हा डिचोलीला मराठी शाळेत चौथीत होते.

गेल्या डिसेंबरात माझी भाची म्हापशाहून सुट्टीला आली. मोबाइलवर पासवर्ड टाकता टाकता थांबली आणि म्हणाली, "मामा, १९१२१९६१ ही मूळ संख्या असेल का रे?"

मी शाळेत गणित शिकवतो. वर्गात असा प्रश्न विचारायला लावावा लागतो, इथे तो आपणहून आला होता. मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. कागद घेतला आणि आम्ही दोघं बाबांच्या शेजारी सोप्यावर बसलो. त्या संध्याकाळी जे सापडलं ते सगळं इथे सांगतो. आठवीपर्यंतचं गणित पुरेसं आहे.

आधी मूळ संख्या म्हणजे काय ते बघू. अंगणात नारळ मांडायचे आहेत असं समजा. १२ नारळ असतील तर तीन ओळी चार-चारच्या, किंवा दोन ओळी सहा-सहाच्या, असा नेमका आयत मांडता येतो. १३ नारळांचं तसं होत नाही. एकच लांबलचक ओळ करा, नाहीतर एखादा नारळ उरतो. अशी संख्या म्हणजे मूळ संख्या. भाचीचा प्रश्न असा झाला: १,९१,२१,९६१ नारळ असतील तर त्यांचा नीट आयत मांडता येईल का?

शेवटचा अंक १ आहे, म्हणून २ आणि ५ लगेच बाद. मग ३. अंकांची बेरीज करायची: १+९+१+२+१+९+६+१ = ३०. तिसाला तीनने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. भाचीने हे पाच सेकंदांत केलं आणि निराश झाली. "म्हणजे मूळ नाहीच."

मी विचारलं, "पण अंकांच्या बेरजेचा आणि भागाकाराचा संबंध काय?" ही कसोटी सगळ्यांना पाठ असते आणि तिचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. दहा नारळांचा ढीग तिघांत वाटा: नऊ गेले, एक उरला. शंभरांचा ढीग वाटा: नव्व्याण्णव गेले, एक उरला. हजार, लाख, कोटी, कुठलाही असा ढीग घ्या, ९९९… वाटले जातात आणि मागे एकच नारळ उरतो. आपल्या संख्येत कोटीचा एक ढीग आहे, दहा लाखांचे नऊ, लाखाचा एक, दहा हजारांचे दोन, हजाराचा एक, शंभराचे नऊ, दहाचे सहा आणि एक सुटा. प्रत्येक ढिगामागे एक नारळ उरला तर उरलेले किती? नेमकी अंकांची बेरीज: ३०. ते तिघांना दहा-दहा मिळून संपतात. तेच नऊ जणांत वाटले तर तीन उरतात. म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची मोठी गरज लागणार आहे.

यातून आणखी एक कळतं. अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. अमेरिकेत महिना आधी लिहितात: १२१९१९६१. जपानमध्ये वर्ष आधी: १९६११२१९. मुक्तिदिन कुठल्याही रीतीने लिहा, ३ त्याला चिकटलेलाच राहणार.

मग ७, ११ आणि १३. या तिघांना एकदमच गाठता येतं, कारण ७×११×१३ = १००१. मला ही युक्ती फार आवडते आणि शाळेत ती क्वचितच शिकवली जाते. हजार हा १००१ पेक्षा एकाने कमी, म्हणून हजाराच्या ढिगाची बाकी 'उणे एक' धरता येते. दहा लाखांच्या ढिगाची बाकी पुन्हा 'अधिक एक', कारण ९,९९,९९९ ला १००१ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे करायचे (आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम इथे बाजूला ठेवावे लागतात) आणि आलटून पालटून अधिक-उणे करायचं: ९६१ − १२१ + १९ = ८५९. आता आठ अंकी संख्येऐवजी फक्त ८५९ तपासायची. ७ ने भागली तर बाकी ५, ११ ने भागली तर १, १३ ने भागली तरी १. तिघंही बाद.

१७ ने भागून बाकी ४ आली. मग आला १९.

भाची भागाकार करत होती. शेवटच्या पायरीवर तिने पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "मामा, बाकी शून्य." एकोणीस तारखेच्या संख्येला एकोणीसने भाग गेला होता! १९१२१९६१ = १९ × १००६४१९. बाबांनी चष्मा लावून स्वतः गुणाकार करून ताळा पाहिला.

हा चमत्कार आहे का? मलाही क्षणभर तसं वाटलं, पण कारण शोधलं की गोष्ट अधिक सुंदर होते. संख्येचे तीन तुकडे करा: १९ पुढे सहा शून्यं, १२ पुढे चार शून्यं आणि १९६१. पहिल्या तुकड्याला १९ ने भाग जाणारच, तो तारखेचाच भाग आहे. १,२०,००० ला १९ ने भागलं तर बाकी १५. १९६१ ला भागलं तर बाकी ४. पंधरा आणि चार एकोणीस. महिना आणि वर्ष यांच्या बाक्या मिळून नेमका एक पूर्ण हप्ता भरला.

म्हणजे १९ डिसेंबर ही तारीख धरली तर वर्षाला १९ ने भागून ४ उरायला हवेत. अशी वर्षं दर एकोणीस वर्षांनी येतात: १९४२, १९६१, १९८०, १९९९, २०१८, २०३७. हा योग एकोणिसातून एकदा यायचाच, तो १९६१ ला आला. आणि अमेरिकी रीतीने लिहिलेल्या १२१९१९६१ ला १९ ने भागलं तर बाकी ३ उरते, जपानी रीतीच्या १९६११२१९ ची बाकी ८. तीनचं नातं अंकांशी होतं, म्हणून अंक हलवले तरी टिकलं. एकोणीसचं नातं या क्रमाशी आहे, क्रम मोडला की तुटतं.

आता १००६४१९ ला ३ ने भागायचं: ३,३५,४७३. म्हणजे

१९१२१९६१ = ३ × १९ × ३३५४७३.

उरलेला ३३५४७३ आणखी फुटतो का? त्या संध्याकाळचं खरं काम इथे सुरू झालं.

एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असतील तर गुणाकार संख्येच्या पलीकडे जाईल. ५७९ चा वर्ग ३,३५,२४१ आणि ५८० चा ३,३६,४००, म्हणून ५७९ पर्यंत शोधलं की पुरे. तेही सगळे आकडे नकोत, फक्त मूळ संख्या, कारण ४ ने भाग जायचा तर आधी २ ने जायला हवा. ५७९ च्या आत १०६ मूळ संख्या आहेत, शेवटची ५७७. सुरुवातीच्या मोठ्या संख्येला ज्यांनी भाग गेला नाही ते २, ५, ७, ११, १३, १७ इथेही जाणार नाहीत. ३ आणि १९ पुन्हा तपासले, नाही गेले. राहिल्या २३ पासूनच्या ९८.

आम्ही त्या वाटून घेतल्या. निम्म्या तिला, निम्म्या मला, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर हाताशी. २९ वर ती जवळजवळ ओरडलीच. २९ × ११५६८ = ३,३५,४७२. एकच जास्त! ५९ ला उलटं: बाकी ५८, म्हणजे आणखी एक नारळ असता तर भाग गेला असता. १०३ ला बाकी २. २४१ ला पुन्हा बाकी १. माझ्या वाट्याचे भागाकार असे चटका लावणारे नव्हते, नुसतेच चुकत गेले. दिवेलागणीला मी ५७७ वर पोचलो: ५८१ वेळा, बाकी २३६. संपलं. ३३५४७३ मूळ आहे.

एवढे भागाकार करून 'काही सापडलं नाही' हे सापडलं. गणितात असं न सापडणं म्हणजे पक्की माहिती असते, हे भाचीला पहिल्यांदा पटलं असावं. तिने वहीत ती संख्या लिहून भोवती चौकट काढली.

एकदा मूळ अवयव कळले की पुढचं पुष्कळ आपसूक कळतं. १९१२१९६१ चे विभाजक फक्त आठ: १, ३, १९, ५७, ३३५४७३, १००६४१९, ६३७३९८७ आणि ती स्वतः. नारळांच्या भाषेत, ३ ओळी, १९ ओळी किंवा ५७ ओळी, एवढेच आयत. ६ किंवा २८ या परिपूर्ण संख्यांचे स्वतः सोडून बाकीचे विभाजक मिळवले की तीच संख्या येते. आपल्या संख्येचे तसे मिळवले तर ७७,१५,९५९ होतात, निम्मेसुद्धा नाहीत. तिला फार अवयव नाहीत, म्हणून बेरीज तोकडी पडते. यापलीकडे त्यात विशेष काही नाही.

विशेष आहे ते वर्गांमध्ये.

१६४० साली नाताळच्या दिवशी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने मर्सेन यांना पाठवलेल्या पत्रात मूळ संख्यांबद्दल एक विधान आहे. ५ = १+४, १३ = ४+९, २९ = ४+२५: काही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने बनतात. ३, ७, ११, १९ मात्र कधीच बनत नाहीत. फरक कशाने पडतो? ४ ने भागून बाकी किती उरते त्याने. बाकी १ असेल तर बनते, आणि एकाच प्रकारे बनते. बाकी ३ असेल तर बनत नाही. याची पूर्ण सिद्धता द्यायला शंभर वर्षं गेली, ती ऑयलर या गणितज्ञाने दिली. 'बनत नाही' हा अर्धा भाग मात्र आपणच पाहू शकतो. सम संख्येचा वर्ग ४ ने भागला तर बाकी ०, विषम संख्येचा वर्ग भागला तर बाकी १. अशा दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असेल, ३ कुठून येणार?

३३५४७३ चे शेवटचे दोन अंक ७३, त्याला ४ ने भागून बाकी १. मूळ आहे आणि बाकी १ आहे, म्हणजे ती दोन वर्गांची बेरीज असायलाच हवी. कुठले दोन, ते फर्मा सांगत नाही, ते शोधावे लागतात. रात्री जेवणानंतर मी शोधत बसलो. शेवटचा अंक ३ असल्यामुळे दोन्ही वर्ग ४ आणि ९ ने संपायला हवेत, अशा चाळण्या लावत लावत यादी लहान केली. एकदा तर ५६० च्या वर्गाला फक्त ३१ कमी पडले. शेवटी सापडले:

३४८² + ४६३² = १,२१,१०४ + २,१४,३६९ = ३,३५,४७३.

शेताच्या एका कोपऱ्यातून ३४८ पावलं पूर्वेला चाला, मग ४६३ पावलं उत्तरेला. सुरुवातीच्या जागेपासून तुमच्यापर्यंत दोरी ताणली आणि त्या दोरीच्या लांबीवर चौरस आखला तर त्याचं क्षेत्रफळ बरोबर ३,३५,४७३ चौरस पावलं. पूर्ण पावलांत असा चौरस आखायची दुसरी जोडी नाहीच.

आणि आपली मोठी संख्या, मुक्तिदिनाची? तिचे शेवटचे दोन अंक ६१, ४ ने भागून बाकी १. पहिली परीक्षा ती पास होते. तरीही ती दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही, आणि याचं कारण आपल्या हातात केव्हाचंच आहे: अंकांची बेरीज ३०.

बघा. कुठल्याही वर्गाला ३ ने भागलं तर बाकी ० किंवा १ येते, २ कधीच नाही. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा असेल तर १+० चालत नाही, १+१ चालत नाही, ०+० च हवं. म्हणजे दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो, त्यांच्या वर्गांना ९ ने जातो, आणि बेरजेलाही ९ ने जायला हवा. पण तीस नारळ नऊ जणांत वाटले तेव्हा तीन उरले होते. संपला प्रश्न. एवढ्या प्रचंड संख्येबद्दल, एकही वर्ग न तपासता, 'असे दोन वर्ग जगात नाहीत' असं ठामपणे म्हणता येतं. मी हे इतक्या वर्षांत वर्गात अनेकदा शिकवलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते नवं वाटतं.

इथे भाचीने विचारलेला दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा होता. "हे सगळं आपण दहाच्या पद्धतीने लिहितो म्हणून आहे का?"

काही आहे, काही नाही. महाराष्ट्रात देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेला ६१७४ घ्या. त्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली, ७६४१ − १४६७, तर पुन्हा ६१७४ च येतो. हा गुण अंकांचा आहे, लिहिण्याची पद्धत बदलली की जातो. आपल्या संख्येतली तारीखही तशीच. संगणक ती दोनच्या पद्धतीने ठेवतो: १००१०००११११०००१११००१०१००१, असे पंचवीस अंक. यात एकोणीस दिसत नाही, डिसेंबर दिसत नाही, एकसष्ट दिसत नाही. पण ३ × १९ × ३३५४७३ हे तिथेही खरंच आहे. दोनच्या पद्धतीत ३ ची कसोटी अशी असते: उजवीकडून मोजत एकाआड एक जागांवरचे १ मोजायचे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या… जागांवर सहा, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या… जागांवर सहा. फरक शून्य, ३ ने भाग जातो. वेगळ्या पेहरावात तोच माणूस.

मूळ संख्यांचा हा नाद गोव्याला परका नाही. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो. पण त्यांचा पेशा गणिताचा होता, आणि अखेरच्या वर्षांत ते मूळ संख्या कशा विखुरलेल्या असतात या प्रश्नामागे लागले होते. त्यातलं काही काम त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापलं. विखुरण्याचा ढोबळ नियम १८९६ साली सिद्ध झाला आहे: संख्या मोठ्या होत जातात तशा मूळ संख्या विरळ होतात. पावणेदोन-दोन कोटींच्या आसपास सरासरी सतरा संख्यांमागे एक मूळ असते. पण सरासरीच्या आत त्या नेमक्या कुठे पडतात, यावर गणितातले सर्वांत अवघड प्रश्न अजून उभे आहेत.

आणि याचा उपयोगही आहे. आम्हाला आठ अंकी संख्या फोडायला एक संध्याकाळ लागली. तीन-तीनशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार करायला संगणकाला क्षणही लागत नाही, पण तो गुणाकार हाती देऊन मूळ जोडी परत मागितली तर आजचे संगणक हात टेकतात. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली या असमतोलावर एक कुलूप बनवलं. बँकेच्या संकेतस्थळांपासून ईमेलपर्यंत त्याचा वापर आजही होतो. अशी एक २५० अंकी संख्या २०२० साली फोडली गेली, तीही पुष्कळ संगणकांना एकत्र जुंपून. (घरच्या वाय-फायचा पासवर्ड या प्रकारात बसत नाही. तिथे तारीख कोणीही ओळखू शकतं, म्हणून आम्ही तो बदलला. बाबांना ते फारसं रुचलं नाही.)

भाची परत जाताना वहीत दुसरी संख्या लिहून घेऊन गेली: ३००५१९८७. ३० मे १९८७, गोवा घटक राज्य झाला तो दिवस. अंकांची बेरीज ३३, म्हणून ३ गेला. मग तिने तीन-तीनचे तुकडे केले, ९८७ − ५१ + ३० = ९६६, ते सातच्या पाढ्यात आहे, म्हणून ७ गेला. उरले १४,३१,०४७. परवा फोनवर सांगत होती की ९७ पर्यंत आली आहे, बाकी अजून कुठेच शून्य नाही, ५९ ला मात्र फक्त दोन उरले. तिला ११९३ पर्यंत जायचं आहे.